प्रिथियनमध्ये अडकलेल्या वाचकांसाठी

भाचीनं आग्रहानं हातात ठेवलं म्हणून, ऑफिसातल्या तिघीचौघी डबा खाताना दुसरं काही बोलतच नाहीत म्हणून, किंवा प्रवासात काहीतरी हलकंफुलकं हवं म्हणून तुम्ही सारा जे. मास यांचं ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ उघडलं असेल. पऱ्यांची राज्यं, शाप, देखणे पुरुष हे काही आपल्या वाचनातलं नाही, अशी तुमची खात्री असेल. आणि आता दुसरा भाग संपून तिसराही निम्म्यावर आलाय, डोळे चुरचुरताहेत, कामात मन लागत नाही आणि नेमकं काय झालंय हे घरच्यांना सांगायचं कसं ते कळत नाही. हा लेख तुमच्यासाठी आहे.

यातून बाहेर कसं पडायचं ते मात्र मी सांगणार नाही. जेवणखाण विसरून एखाद्या गोष्टीत बुडून जाणं शाळेच्या वयात सहज घडतं. पुढे नोकरी, घर, आजारपणं यांत ते इतकं दुर्मिळ होतं की पुन्हा वाट्याला आलं तर त्याची लाज वाटण्याऐवजी आनंद वाटायला हवा. माझं सांगणं एवढंच आहे की ही पुस्तकं भराभर संपवण्यापेक्षा नीट वाचावीत, आणि नीट वाचायची म्हणजे मागे जाऊन पुन्हा वाचायची. का, ते पुढे सांगते. आधी क्रमाचं बघू, कारण तिथेच बरेच जण घोळ घालतात.

मालिकेचा पहिला भाग २०१५ साली आला. ‘अ कोर्ट ऑफ मिस्ट अँड फ्युरी’ हा दुसरा २०१६ मध्ये, ‘अ कोर्ट ऑफ विंग्ज अँड रुइन’ हा तिसरा २०१७ मध्ये. इथे नायिका फेय्राची मुख्य कथा एका मुक्कामाला पोचते. २०१८ चं ‘अ कोर्ट ऑफ फ्रॉस्ट अँड स्टारलाइट’ हे छोटेखानी पुस्तक आहे आणि २०२१ चं ‘अ कोर्ट ऑफ सिल्व्हर फ्लेम्स’ फेय्राच्या थोरल्या बहिणीचं, नेस्टाचं. ज्या क्रमानं ती आली त्याच क्रमानं वाचा. चौथं पुस्तक अनेकांना फिकं वाटतं, मलाही वाटलं. पण ते गाळू नका. युद्ध संपल्यावर नेस्टा किती खचली आहे, दारू आणि एकटेपणात कशी बुडाली आहे हे तिथे दिसतं, आणि ते माहीत नसेल तर पाचव्या भागातला तिचा संताप नुसता उर्मटपणा वाटतो.

नावांचा उच्चार हा आपल्याकडच्या वाचकांना छळणारा प्रश्न. नायिका फेय्रा, ‘फेयर’ नव्हे. रीसँड, आणि जवळच्यांसाठी रीस. देश प्रिथियन. इंग्रजी कादंबऱ्यांची फारशी सवय नसेल तर पहिली पन्नासेक पानं जड जातील. शब्दकोश घेऊन बसू नका. मास यांची वाक्यं सोपी असतात, शब्दही पुन्हापुन्हा तेच येतात, थोड्या पानांनंतर वेग आपोआप येतो. त्याऐवजी सुरुवातीचा नकाशा नीट बघा. प्रिथियनचा आकार ओळखीचा वाटेल, कारण तो ग्रेट ब्रिटनच्या बेटावर बेतलेला आहे. दक्षिणेला चिंचोळा मानवी मुलूख, मध्ये जादूची भिंत आणि तिच्यापलीकडे सात दरबार: वसंत, ग्रीष्म, शरद, हेमंत, पहाट, दिवस आणि रात्र. पश्चिमेच्या समुद्रात हायबर्न हे शत्रूचं बेट, जिथे आयर्लंड असायला हवं तिथे. एवढा भूगोल डोक्यात बसला की तिसऱ्या भागातल्या फौजा कुठून कुठे चालल्यात हे शोधत मागची पानं उलटावी लागत नाहीत.

आणखी एक खबरदारी. पहिले तीन भाग होईपर्यंत यातल्या कुठल्याही पात्राचं नाव इंटरनेटवर शोधू नका. नुसतं ‘फेय्रा’ टाईप केलं तरी चाहत्यांनी काढलेली चित्रं समोर येतात, आणि ती शेवटी कुणाची होते हे एका नजरेत कळतं. या मालिकेतला सगळ्यात मोठा आनंद तिथेच वाया जातो.

झोपेबद्दल. या पुस्तकांची प्रकरणं अशा जागी तोडलेली असतात की पुढचं पान उलटल्याशिवाय राहवत नाही. त्यामुळे ‘हे प्रकरण संपवून झोपते’ हा निश्चय कधीच टिकत नाही. प्रकरणाच्या मध्यावर थांबा. दोन पात्रं जेवायला बसलीत, कुणी पायऱ्या चढतंय, कुठे प्रवास चाललाय, अशा निवांत परिच्छेदाशी खूण घाला आणि दिवा बंद करा. हा उपाय खरोखर लागू पडतो. दुसरा भाग सहाशेहून अधिक पानांचा आहे आणि त्याचा शेवटचा तिसरा हिस्सा मध्ये सोडवत नाही, तेव्हा तो शनिवारसाठी राखून ठेवा आणि घरात तसं सांगून टाका. ‘मी आज वाचणार आहे’ हे वाक्य आपल्या घरांमधून बायकांच्या तोंडी फार कमी येतं. ते म्हणायला हे पुस्तक निमित्त ठरलं तर उत्तमच.

आता मुख्य मुद्दा. दुसरा भाग ज्यांचा वाचून झालेला नाही त्यांनी पुढचे काही परिच्छेद सोडून थेट मुलांविषयीच्या भागाकडे जावं.

पहिल्या भागाचा साचा जुना आहे. श्वापदाच्या रूपातला शापित राजपुत्र आणि त्याच्या वाड्यात आलेली गरीब मुलगी. फ्रान्समध्ये व्हिलनव्ह यांनी १७४० मध्ये ‘सौंदर्यवती आणि श्वापद’ लिहिली, १७५६ मध्ये बोमाँ यांनी ती आटोपशीर केली, आणि तेव्हापासून ती जगभर सांगितली जातेय. या राजपुत्राचं टॅमलिन हे नावही एका जुन्या स्कॉटिश पोवाड्यातलं. त्यातला टॅम लिन परीराणीच्या ताब्यात असतो, आणि तो हातात साप, जनावर, तापलेलं लोखंड असं काय काय होत असतानाही जॅनेट त्याला सोडत नाही म्हणून सुटतो. पहिला भाग वाचताना आपल्याला हे सगळं ओळखीचं वाटतं आणि आपण निर्धास्त होतो. तिनं त्याच्यावर प्रेम केलं, त्याच्यासाठी डोंगराखाली तीन परीक्षा दिल्या, जीव दिला, तो सुटला. गोष्ट संपली.

मास यांनी दुसऱ्या भागात विचारलं की त्यानंतर काय? ज्या मुलीनं दुसऱ्यासाठी छळ सोसला, त्याला सोडवायला निरपराधांना मारलं, तिला पुढे झोप कशी लागते? नाही लागत. फेय्रा रोज रात्री उठून ओकते. दोघंही भयानक स्वप्नांनी जागे होतात, पण त्याबद्दल एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत. ती वाळत जाते, रंगांना हात लावत नाही. टॅमलिनचं तिच्यावर प्रेम आहे, खरंच आहे, आणि त्या प्रेमापोटीच तो तिला कुठे जाऊ देत नाही. शेवटी एक दिवस बाहेर जाताना तो जादूनं अख्खा वाडा बंद करून टाकतो. जी नुकतीच डोंगराखालच्या कोठडीतून सुटली आहे, तिला तिच्या भल्यासाठी कोंडतो. ‘ते सुखानं नांदू लागले’ हा शेवट लेखिकेनं स्वतःच उचलून उलटा केला आहे. लाखो वाचक या मालिकेला चिकटले ते देखण्या पुरुषांमुळे, असं वरवर बघणारे म्हणतात. मला वाटतं ते या उलटण्यामुळे चिकटले. काळजी आणि कोंडमारा यांतला फरक कुणीतरी स्पष्ट दाखवावा अशी गरज कितीतरी जणींना असते.

म्हणून माझा आग्रह असा की दुसरा भाग संपल्यावर तिसऱ्याकडे धावण्याआधी पहिला पुन्हा वाचा. निदान काही जागा तरी. कलनमाई या वसंतोत्सवाच्या रात्री टॅमलिननं फेय्राला खोलीतच राहायला बजावलेलं असतं. ती बाहेर पडते. परतताना तो तिला गाठतो, मानेला चावतो आणि पुन्हा माझी आज्ञा मोडू नकोस असं सुनावतो. पहिल्या वाचनात हा प्रसंग आपण प्रणय म्हणून वाचलेला असतो. दुसऱ्यांदा वाचताना ‘आज्ञा’ तेवढी डोळ्यांत घुसते. पुढे डोंगराखाली दोघांना क्षणभर एकांत मिळतो, तेव्हा तो तिला पळायची वाट दाखवत नाही, मिठीत घेतो. हेही आपण तेव्हा प्रेमच समजलो होतो. शब्द तेच आहेत, बदललो आपण. हा अनुभव नवं पुस्तक उघडून मिळत नाही.

आणि ते कपाट बघा. सुरुवातीच्या पानांतच, फेय्राच्या पडक्या झोपडीत तिघी बहिणींचं एक कपाट आहे. पैसे मिळाले की ती थोडा रंग विकत आणते आणि खणांवर चित्रं काढते. इलेनच्या खणावर फुलं, नेस्टाच्या खणावर ज्वाळा आणि स्वतःच्या खणावर रात्रीचं आकाश. पहिल्यांदा वाचताना आपण त्यावरून पुढे जातो. फेय्रा रात्रीच्या दरबारात पोचल्यावर आणि पाचव्या भागाचं नावच ज्वाळांवरून आलेलं पाहिल्यावर ते तीन खण पुन्हा डोळ्यांसमोर येतात.

फेय्राला वाचता येत नाही, हाही असाच एक धागा. दुसऱ्या परीक्षेत भिंतीवर कोडं कोरलेलं असतं, योग्य तो खटका ओढायचा असतो, वरून तापलेलं काटेरी छत खाली येत असतं, आणि तिच्या दृष्टीनं ती सगळी अक्षरं म्हणजे नुसत्या रेघोट्या. तिथे ती जवळजवळ मरते ती जादूमुळे नव्हे, निरक्षरतेमुळे. दुसऱ्या भागात रात्रीच्या दरबाराचा स्वामी रीसँड तिला पहिलं काय देतो, तर वाचायला शिकवतो. स्वतःचीच स्तुती असलेली वाक्यं गिरवायला लावून तिला चिडवतो, पण शिकवतो. अशा मालिकेत नायकाचा मोठेपणा तलवारीनं दाखवण्याची पद्धत असताना इथे तो पाटी-पेन्सिलीनं दाखवला आहे, याचं मला फार कौतुक आहे.

पण रीसँडच्या बाबतीतही न्यायबुद्धी बाजूला ठेवू नका. डोंगराखाली त्यानं फेय्राचा मोडलेला हात पिरगाळून तिच्याकडून करार करून घेतला होता, रोज रात्री तिला मोहिनीची दारू पाजून सगळ्यांसमोर नाचायला लावलं होतं. त्यामागे तिला वाचवण्याचा डाव होता हे नंतर कळतं, पण कळतं ते त्याच्याच तोंडून. पाचव्या भागात तर फेय्राचं बाळंतपण तिच्या जिवावर बेतणार आहे, बाळाचे पंख तिच्या शरीराला सोसणारे नाहीत, हे रीसँडला आणि सगळ्या जवळच्या माणसांना ठाऊक असतं, फक्त तिला नसतं. शेवटी नेस्टा रागाच्या भरात ते बोलून टाकते. निवडीचं स्वातंत्र्य देणारा म्हणून ज्याला आपण डोक्यावर घेतलं, तोच बायकोच्या शरीराबद्दलचं सत्य बायकोपासून लपवतो. मला हे अजिबात पटत नाही, आणि लेखिकेनं त्याला जितकं सहज सुटू दिलंय तेही नाही. तुम्हाला वेगळं वाटू शकतं. त्यावर मैत्रिणीशी, बहिणीशी, भाचीशी कडाकडा भांडा. ही पुस्तकं एकट्यानं वाचून मिटवून ठेवण्यापेक्षा दोघीतिघींनी मिळून वाचली तर कितीतरी जास्त देतात.

घरातल्या माणसाला रीसँडच्या मापानं मोजण्याची घाई करू नका, एवढंही सांगते. पाचशे वर्षांचा, मनातलं ओळखणारा नवरा कुणालाच मिळत नाही. उलट मनातलं ओळखायची अपेक्षा सोडून ते बोलून दाखवणं फेय्राला जमतं तेव्हाच तिचं आयुष्य बदलतं.

मुलांविषयी थोडं जास्त बोलायला हवं. ही मालिका सुरुवातीला किशोर-युवा वाचकांसाठी म्हणून विकली गेली. २०२० मध्ये वेष्टनं बदलून ती मोठ्यांच्या कपाटात गेली, पण जुना शिक्का पुरता पुसला गेलेला नाही. दुसऱ्या भागापासून शरीरसंबंधांची वर्णनं मोकळी आणि सविस्तर आहेत, पाचव्यात सर्वाधिक. शिवाय छळ, बळजबरी, आत्महानीचे विचार हेही आहे. माझ्या मते सतरा-अठरा वर्षांच्या आधी ही पुस्तकं देऊ नयेत. पण नववीतल्या मुलीनं ती मैत्रिणीकडून आणून वाचलीच असतील तर हातातून हिसकावू नका. अमेरिकेतल्या युटा राज्यानं २०२४ मध्ये सरकारी शाळांतून काढायच्या तेरा पुस्तकांची यादी केली, त्यांतली सहा मास यांची होती. त्यामुळे मुलांनी ती वाचायची थांबवली असतील असं मला वाटत नाही. तुम्ही स्वतः वाचा आणि तिला विचारा, टॅमलिननं वाडा बंद केला तेव्हा तुला काय वाटलं? या एका प्रश्नावर आई-मुलीत जे बोलणं होईल ते एरवी वर्षभरात होत नाही.

खरेदीचं म्हणाल तर फूटपाथवरच्या स्वस्त प्रती टाळा. त्या बहुधा चोरीच्या छपाईच्या असतात. अक्षर फिकट, समास नाही, नकाशा काळपटलेला आणि ऐन रंगात आल्यावर सोळा पानं गायब. पहिला भाग वाचनालयातून किंवा मैत्रिणीकडून आणा, आवडला तर दुसरा विकत घ्या, कारण तो परत परत लागणार आहे. पूर्ण नटसंचासह ध्वनिमुद्रित आवृत्तीही निघाली आहे. पहिल्यांदा ती ऐकू नका. दुसऱ्या वेळी, पोळ्या लाटताना किंवा गाडी चालवताना, छान सोबत होते.

कुणी ‘या वयात हे काय वाचतेस’ म्हणालं तर त्यांना सांगा की मराठी कादंबरीची सुरुवातीची वर्षं याच वाटेनं गेली. हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. अद्भुतरम्य कादंबऱ्याच त्या, आणि आपल्या पणजोबांच्या पिढीनं त्या आवडीनं वाचल्या.

सगळं संपल्यावर काही दिवस दुसरं पुस्तक हातात धरवत नाही. लगेच तशीच दिसणारी पाच पुस्तकं मागवू नका. त्यांतली बरीच नक्कल असतात. मास यांच्याच जगात राहायचं असेल तर ‘थ्रोन ऑफ ग्लास’ घ्या. ही कथा त्यांनी सोळाव्या वर्षी लिहायला घेतली होती. पहिला भाग २०१२ चा आणि जरा कोवळा आहे, तिसऱ्या भागापासून तिला बळ येतं. त्यातल्या ‘एम्पायर ऑफ स्टॉर्म्स’ आणि ‘टॉवर ऑफ डॉन’ या दोन पुस्तकांतल्या घटना एकाच काळात घडतात, म्हणून बरेच वाचक दोन्ही समोर ठेवून आलटूनपालटून प्रकरणं वाचतात. पहिल्या खेपेला मी तसं सुचवणार नाही, धागा तुटतो. त्यांची ‘क्रेसंट सिटी’ शेवटी ठेवा. तिच्या दुसऱ्या भागाचा शेवट प्रिथियनच्या वाचकांनाच खऱ्या अर्थानं कळतो. हवापालट हवा असेल तर रिबेका यारोस यांचं २०२३ चं ‘फोर्थ विंग’ आहे. त्यातल्या व्हायोलेटचे सांधे जरा ताण पडला की निखळतात, आणि तिला ड्रॅगनवर बसायचं असतं. लेखिकेला स्वतःलाच एहलर्स-डॅनलॉस हा संयोजी ऊतींचा विकार आहे, त्यामुळे ते दुखणं उसनं वाटत नाही.

आणि यापेक्षा खोल जायचं असेल तर ‘कथासरित्सागर’ काढा. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवानं रचलेला हा ग्रंथ मराठीत उपलब्ध आहे. माणसं आणि विद्याधर यांच्या प्रेमाच्या गोष्टींनी तो भरलेला आहे. पाचव्या लंबकातल्या शक्तिवेगापासून सुरुवात करा. ज्यानं कनकपुरी पाहिली असेल त्यालाच वरीन असं एक राजकन्या म्हणते, म्हणून तो त्या सोन्याच्या नगरीच्या शोधात समुद्रापार जातो. नगरी सापडते, तिथल्या विद्याधरीचं मन जिंकतो. ती जाताना एवढंच बजावते की महालाच्या मधल्या गच्चीवर जाऊ नकोस. तो जातो, आणि ज्या राजकन्येसाठी निघाला होता तिचंच प्रेत तिथे त्याला दिसतं. पलीकडे एक घोडा उभा असतो, तो लाथ मारून त्याला तळ्यात पाडतो, आणि डोकं वर काढतो तर तो आपल्या जुन्या गावी. ऊर्वशीनं पुरूरव्याला घातलेली अट, अपुलियसच्या लॅटिन कथेत सायकीला दिव्याच्या उजेडात नवऱ्याकडे बघण्याची असलेली मनाई, आणि ही गच्ची, हे सगळं एका बैठकीत वाचून बघा. मग टॅमलिनच्या शापाकडे परत या. एकोणपन्नास वर्षांची मुदत, पऱ्यांचा द्वेष करणाऱ्या मुलीनंच प्रेम कबूल करण्याची अट, आणि तिला त्यातलं काही सांगायची बंदी. इतर कथांत अट पाळायची कशी हे बाईला किंवा पुरुषाला निदान ठाऊक असतं. फेय्राला अट आहे हेच माहीत नाही, आणि तरी तिनं ती चुकवली म्हणून शिक्षा सगळ्यांना होते. पहिल्या भागातली तिची ती शेवटची, न उच्चारलेली तीन शब्दांची वाट बघणारी पानं या नजरेनं पुन्हा वाचा.